साडेपाच अंशांचं अंतर

राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरतेजवळच्या हजिऱ्यातून निघतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदरात संपतो. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना पॉलिप्रॉपिलीन तयार होतं. कोंडाईबारीचा घाट चढून धुळं, तिथून पारोळा आणि एरंडोल ओलांडून जळगाव, या वाटेवर प्लास्टिकच्या दाण्याची पंचवीस किलोची पोती घेऊन जाणारे ट्रक ही खान्देशात रोजची गोष्ट आहे. जळगावच्या एमआयडीसीत हा दाणा वितळतो, त्याच्या बारीक तारा ओढल्या जातात, त्या मागावर चढतात आणि चटई विणली जाते. गिरणेकाठी बांभोरीला पाइप आणि ठिबकच्या नळ्या तयार होतात. त्यांचा दाणा वेगळा, पण तोही वायूपासूनच बनतो. ठिबकची नळी पॉलिइथिलीनची आणि पॉलिइथिलीन इथिलीनपासून. पीव्हीसीचं मूळही इथिलीन आणि क्लोरिन. रावेर-यावलची केळी रायपनिंग चेंबरमध्ये पिकतात तीही इथिलीनच्याच अल्प मात्रेवर. जिल्ह्याच्या शेतीला आणि कारखानदारीला इतक्या बाजूंनी स्पर्श करणारे हे वायू शुद्ध कसे होतात आणि त्यासाठी किती ऊर्जा खर्च होते, हे मात्र दाण्याच्या पोत्यावर कुठेच छापलेलं नसतं.

या लेखाचा विषय त्यातला सर्वांत अवघड टप्पा आहे. प्रॉपिलीन कधीच एकटा मिळत नाही. रिफायनरीत जड तेलाचं भंजन करताना तो निघतो तेव्हा त्याच्यासोबत प्रोपेन असतो. प्रोपेनचा हायड्रोजन काढून प्रॉपिलीन बनवला, तरी न बदललेला प्रोपेन उरतोच. दोघांच्या रेणूंत तीन-तीन कार्बन. फरक फक्त दोन हायड्रोजनचा. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रॉपिलीन उणे ४७.६ अंशांना. या साडेपाच अंशांच्या फटीत जगातल्या रसायन उद्योगाची प्रचंड ऊर्जा ओतली जाते. ही ऊर्जा वाचवायला मेम्ब्रेन, म्हणजे वायू निवडून झिरपू देणारा पातळ पापुद्रा, हा उपाय गेली काही दशकं पुढे केला जातो आहे आणि त्याच्याविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात. मेम्ब्रेन आलं की ऊर्ध्वपातनाचे टॉवर भंगारात जातील, असं एक मत. हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे, असं दुसरं. आकडे मांडून पाहिले तर दोन्ही मतं टिकत नाहीत. मेम्ब्रेनने भरड काम करावं, टॉवरने शेवटचा बारीक हात फिरवावा, ही विभागणी शहाणपणाची आहे. आणि तीही सरसकट सगळीकडे करण्याजोगी नाही, काही ठिकाणीच फायद्याची आहे.

आधी टॉवरचा हिशेब पाहू. ऊर्ध्वपातनाचं तत्त्व सोपं आहे: जो पदार्थ लवकर उकळतो त्याची वाफ आधी होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मोहाची फुलं आंबवून दारू गाळतात ती याच तत्त्वावर. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. बावीस अंशांचं अंतर असूनही एका गाळणीत निव्वळ अल्कोहोल येत नाही, पाणी सोबत येतंच. इथे तर अंतर साडेपाच अंशांचं. म्हणून वाफ वर चढवायची, थंड करून तिचा द्रव करायचा, तो द्रव वरून खाली सोडायचा आणि टॉवरमधल्या प्रत्येक ट्रेवर चढती वाफ आणि उतरता द्रव यांची गाठ घालायची. प्रत्येक गाठीत वाफेतला प्रॉपिलीन किंचित वाढतो. किती किंचित, ते रसायन अभियंते सापेक्ष बाष्पनशीलता या आकड्याने मोजतात. तो आकडा १ असेल तर वेगळं करणं अशक्यच. प्रॉपिलीन-प्रोपेनसाठी तो दाबानुसार १.१ ते १.२ च्या आसपास राहतो.

हा आकडा १.१३ धरून एक ढोबळ हिशेब करता येतो. वरून ९९.५ टक्के शुद्ध प्रॉपिलीन हवा आणि खालून ९५ टक्के प्रोपेन, असं ठरवलं तर कागदावरच्या आदर्श टॉवरलाही किमान ६७ टप्पे लागतात, आणि तेही माल अजिबात बाहेर न काढता सगळा द्रव परत खाली सोडला तर. प्रत्यक्षात माल काढायचा असतो आणि ट्रेही आदर्श नसतात. म्हणून हे टॉवर दीडशे-दोनशे ट्रेंचे होतात, एका उंचीत मावले नाहीत तर दोन टॉवरांत विभागतात. कुठल्याही पेट्रोरसायन संकुलात सर्वांत उंच दिसणाऱ्या टॉवरांत यांची गणना होते. पण उंचीपेक्षा महाग आहे ते परत सोडणं. रिफायनरीतून येणाऱ्या मिश्रणात ७० टक्के प्रॉपिलीन असेल, तर बाहेर काढलेल्या प्रत्येक टनामागे किमान अकरा टन द्रव पुन्हा टॉवरमध्ये सोडावा लागतो. व्यवहारात तेराच्या आसपास. म्हणजे एक टन माल पदरात पडण्यासाठी चौदा टन वाफ तयार करायची आणि चौदा टन थंड करायची. एवढी वाफ करायला साधारण चार गिगाज्यूल उष्णता लागते. तोच एक टन प्रॉपिलीन जाळला असता तर सुमारे ४६ गिगाज्यूल मिळाले असते. एका जुळ्या वायूपासून दुसरा बाजूला करायला त्याच्या स्वतःच्या उष्णतेचा जवळजवळ अकरावा हिस्सा लागतो.

इतकी शुद्धता लागते तरी कशाला, हा प्रश्न इथे रास्त आहे. १९५४ मध्ये मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांनी प्रॉपिलीनच्या रेणूंची शिस्तबद्ध साखळी बांधली, त्यासाठी कार्ल झिगलर यांच्या उत्प्रेरकांचा आधार घेतला आणि १९६३ मध्ये दोघांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या घराण्यातले उत्प्रेरक गंधक, ओलावा, कार्बन मोनॉक्साइड यांनी मरतात. प्रोपेन त्यांना मारत नाही. तो नुसता बघ्याची भूमिका घेतो. पण साखळीत न गुंफला गेल्याने तो रिॲक्टरमध्ये साचत जातो आणि प्रॉपिलीनची जागा अडवतो. मग साचलेला वायू अधूनमधून बाहेर सोडावा लागतो आणि त्याच्यासोबत चांगला प्रॉपिलीनही जातो. म्हणून पॉलिमरसाठी ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध प्रॉपिलीन मागितला जातो. क्युमीनसारख्या रसायनांसाठी मात्र ९३-९५ टक्क्यांचा प्रॉपिलीनही चालतो. शुद्धतेची गरज एकसारखी नसते, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादात कामाला येणार आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आता नवी धार आली आहे. रायगड जिल्ह्यात नागोठण्याचा वायू-भंजन प्रकल्प १९९० च्या आसपासपासून इथेन-इथिलीनचं असंच विलगीकरण करत आला आहे. तिथे तर शून्याच्या बऱ्याच खालचं तापमान सांभाळावं लागतं, कारण इथिलीन साध्या दाबाला उणे १०४ अंशांना उकळतो. त्याच जिल्ह्यात उसर येथे गेल कंपनी वर्षाला ५ लाख टन पॉलिप्रॉपिलीनचा प्रकल्प उभारते आहे आणि त्यासाठीचा प्रॉपिलीन प्रोपेनमधला हायड्रोजन काढून बनवायचा आहे. देशात या पद्धतीचा हा पहिला प्रकल्प. या पद्धतीत भट्टीतून एका फेरीत निम्म्याहून कमीच प्रोपेनचं रूपांतर होतं, बाकीचा तसाच बाहेर येतो. मिश्रणात प्रॉपिलीन ३५ टक्के धरला, तर वरच्याच हिशेबाने टनामागे परत सोडायचा द्रव किमान अकरावरून बावीसवर जातो. तोच टॉवर, तेच साडेपाच अंश, पण श्रम दुप्पट. अशा पद्धतीचे प्रकल्प जगभर वाढत आहेत आणि म्हणून विलगीकरणाचा खर्च हा आता केवळ पाठ्यपुस्तकातला विषय राहिलेला नाही.

जगाच्या पातळीवर हा खर्च किती, याचा अंदाज डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली या अमेरिकेतल्या दोन अभियंत्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडला. जग बदलू शकतील अशा सात विलगीकरणांची यादी त्यांनी केली आणि इथिलीन-प्रॉपिलीनचं शुद्धीकरण तीत घेतलं. या दोन वायूंचं जागतिक उत्पादन तेव्हा वर्षाला २० कोटी टनांच्या वर होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ३० किलो. त्यांना शुद्ध करण्यातच जगाच्या एकूण ऊर्जेपैकी ०.३ टक्के खर्ची पडते, साधारण सिंगापूर देशाच्या वार्षिक वापराइतकी. आता निसर्गनियम किमान किती मागतो तेही पाहू. सत्तर-तीसचं मिश्रण सामान्य तापमानाला पूर्ण वेगळं करायला उष्मागतिकीनुसार टन प्रॉपिलीनमागे पंधरा युनिट वीजही पुरेशी आहे. टॉवर ओततो ती उष्णता हजार-बाराशे युनिटांइतकी भरते. उष्णता आणि वीज यांची थेट तुलना करणं बरोबर नाही, आणि या टॉवरला लागणारी उष्णता फारशी तप्तही नसते. तरी निसर्गाची मागणी आणि आपला खर्च यांतली दरी लपत नाही.

मेम्ब्रेनचं आकर्षण या दरीतून येतं. मेम्ब्रेनला वाफ करायची नसते, द्रव करायचा नसतो. एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मधल्या पातळ थरातून एक वायू लवकर पार होतो, दुसरा मागे राहतो. खान्देशाला हा शब्द नवा नाही. गावोगावच्या आरओ प्लांटवर आणि जारच्या पाण्याच्या धंद्यात ‘मेम्ब्रेन बदलायचं’ हे बोलणं रोजचं आहे. त्या मेम्ब्रेनच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. श्रीनिवास सौरिराजन यांनी सिडनी लोब यांच्यासोबत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा असा पापुद्रा तयार केला की ज्याची वरची कातडी अत्यंत पातळ आणि खालचा थर सच्छिद्र होता. पातळ कातडीमुळे पाणी भराभर झिरपलं आणि १९६५ मध्ये कोलिंगा या कॅलिफोर्नियातल्या गावात खारं पाणी गोडं करणारा प्लांट चालू झाला. त्याआधी खारं पाणी गोडं करायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी उकळायचं, असंच समीकरण होतं. आज जगातले बहुतेक नवे प्रकल्प मेम्ब्रेनवर चालतात. वायूंच्या बाबतीत हायड्रोजन वेगळा काढणं, हवेतून नायट्रोजन मिळवणं, बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढणं, या कामांत मेम्ब्रेन केव्हाच रुळलं आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या कारखान्यांतही दाण्यातून सुटणारा प्रॉपिलीन नायट्रोजनपासून परत मिळवायला १९९० च्या दशकापासून ते वापरात आहे. पण ही सगळी उदाहरणं एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळ्या रेणूंची आहेत.

प्रॉपिलीन आणि प्रोपेन यांच्या आकारातला फरक एका अँगस्ट्रॉमच्या दोन-तीन दशांशांचा आहे, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. नेहमीच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याला एवढा बारीक भेद करणं जड जातं. शिवाय तिथे एक जुनी ओढाताण आहे: जो पापुद्रा भराभर झिरपू देतो तो निवड नीट करत नाही आणि जो निवडक असतो त्यातून वायू रांगत जातो. लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये शेकडो पॉलिमरांची मापं एका आलेखावर मांडून ही मर्यादा दाखवली आणि २००८ मध्ये ती पुन्हा तपासली. ती ओलांडण्याचे दोन मार्ग पुढे आले. एक चांदीचा. चांदीचे आयन प्रॉपिलीनमधल्या दुहेरी बंधाला सैलसर धरतात आणि पलीकडे सोडतात. प्रोपेनला तसा बंधच नसल्याने तो अडकून राहतो. दुसरा मार्ग जाळीदार स्फटिकांचा. जस्ताचे अणू आणि इमिडाझोल घराण्यातले कार्बनी दुवे यांची जाळी असलेला झिफ-८ हा पदार्थ यात सर्वांत नावाजलेला. त्याच्या खिडक्या स्फटिकाच्या मोजणीत ३.४ अँगस्ट्रॉमच्या दिसतात, पण दुवे किंचित डोलत असल्याने प्रत्यक्षात चार अँगस्ट्रॉमपर्यंतचा रेणू आत घुसतो. प्रॉपिलीन जेमतेम जातो, प्रोपेन अडखळतो. अशा धातू-कार्बनी जाळ्यांच्या शोधासाठी सुसुमू किटागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही उल्हास खरूल आणि राहुल बॅनर्जी यांच्या गटांनी पॉलिबेन्झिमिडाझोलच्या पोकळ तंतूंवर अशा जाळ्यांचा थर चढवण्याचं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. केसासारखे बारीक, आतून पोकळ असे हजारो तंतू एका नळकांड्यात बांधले की थोड्या जागेत मेम्ब्रेनचं मोठं क्षेत्रफळ मिळतं. थर तंतूंवर चढला तरच प्रयोगशाळेतली चकती कारखान्यात जाऊ शकते.

इतकं चांगलं मेम्ब्रेन हाती आलं, असं समजू. प्रॉपिलीनला प्रोपेनपेक्षा तीसपट वेगाने जाऊ देणारं. सत्तर टक्क्यांचं मिश्रण एका बाजूला आठ बार दाबाने, दुसरी बाजू एक बारला. हिशेब सांगतो की पलीकडे निघणारा अगदी पहिला वायूसुद्धा ९८ टक्क्यांचा असेल, ९९.५ चा नाही. आणि प्रॉपिलीन मागे राहू नये म्हणून जितका जास्त वायू पार करू, तितका आतला प्रॉपिलीन घटत जातो आणि निघणाऱ्या वायूची सरासरी शुद्धता ९५ च्या आसपास उतरते. शुद्धता वाढवली की माल हातून जातो, माल वाचवला की शुद्धता घसरते. दुसरा टप्पा लावावा, तर एक बारला आलेला सगळा वायू पुन्हा दाबावा लागतो. एका वेळच्या दाबणीलाच टनामागे पन्नास ते सत्तर युनिट वीज जाते. दोन-तीन टप्पे लावले की मेम्ब्रेनची बचत कॉम्प्रेसर खाऊन टाकतो. टॉवर भंगारात काढा म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथे कोसळतं. पॉलिमरच्या दर्जाची शुद्धता एकट्या मेम्ब्रेनने गाठणं आज परवडणारं नाही. क्युमीनसारख्या कामासाठी ९५ टक्के पुरत असतील, तर तिथे मात्र ते एकटंही उभं राहू शकतं.

आता दोघांना एकत्र बसवून पाहू. मेम्ब्रेन टॉवरच्या आधी ठेवलं, सत्तर टक्क्यांचं मिश्रण त्यातून नेलं, तर दोन प्रवाह मिळतात: एक ९५ टक्क्यांचा, दुसरा वीसेक टक्क्यांचा. पहिला टॉवरमध्ये वरच्या अंगाला सोडायचा, दुसरा खालच्या. टॉवरला आता मधलं ढोबळ काम करायचंच नाही. टनामागे परत सोडायचा किमान द्रव अकरावरून सातवर येतो, तयार करायची वाफ चौदा टनांवरून साडेनऊ-दहा टनांवर. वाफेचा खर्च जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो, बदल्यात दाबणीची पन्नास-सत्तर युनिटं मोजावी लागतात. किंवा वाफ तेवढीच ठेवून त्याच टॉवरमधून तत्त्वतः सव्वा ते दीडपट माल काढता येतो. नवा टॉवर बांधायचा खर्च, पोलाद, जमीन आणि काही वर्षं, हे सगळं वाचवून. जुन्या, वाफेवर चालणाऱ्या आणि क्षमतेच्या टोकाला पोचलेल्या टॉवरसाठी ही जोडणी सर्वांत जास्त फायद्याची आहे.

याच्यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. आजचे नवे टॉवर वाफेवर चालतच नाहीत, त्यांना हीट पंप असतो. टॉवरच्या माथ्यावरची वाफ कॉम्प्रेसरने दाबली की तिचं तापमान वाढतं आणि तीच वाफ तळाच्या द्रवाला उकळवते. माथा आणि तळ यांच्या तापमानात मोजकेच अंश असल्याने ही युक्ती इथे फार चांगली चालते. जे साडेपाच अंश वेगळं करणं अवघड करतात, तेच हीट पंपाला सोपं करतात. ढोबळ हिशेबाने असा टॉवर टनामागे सव्वाशे युनिटांच्या आसपास विजेत काम भागवतो. त्याच्यापुढे मेम्ब्रेन लावलं तर टॉवरची वीज नव्वदीच्या आत येते, पण मेम्ब्रेनची पन्नास-सत्तर मिळवली की बेरीज आधीपेक्षा वाढतेच. हे मान्य केलं पाहिजे. मेम्ब्रेनची जाहिरात करताना तुलना जुन्या वाफेच्या टॉवरशी करायची आणि नव्या टॉवरचा विषयच काढायचा नाही, हे प्रामाणिक नाही. रिफायनरीचा प्रॉपिलीनने समृद्ध वायू आणि हीट पंपाचा नवा टॉवर अशी जोडी असेल, तर आजच्या मेम्ब्रेनला तिथे जागा नाही.

पण उसरसारख्या पद्धतीच्या प्रकल्पात गणित उलटतं. तिथे वायूत प्रॉपिलीन थोडा आणि प्रोपेन भरपूर, त्यामुळे हीट पंप असूनही टॉवरला टनामागे सव्वादोनशे-अडीचशे युनिटं लागू शकतात. तिथे मेम्ब्रेन ३५ टक्क्यांचं मिश्रण ऐंशीपर्यंत नेऊ शकतं. मेम्ब्रेनमागे उरलेला प्रॉपिलीन टॉवरच्या तळच्या भागावर ताण आणतो, म्हणून बचत कागदावर दिसते तितकी राहत नाही. तरी सगळं धरून एक दशांश ते एक चतुर्थांश वीज वाचण्याची शक्यता उरते. वर्षाला ५ लाख टनांवर ही बचत कोटी युनिटांत मोजावी लागेल. या आकड्यांत ढोबळपणा आहे, पण त्यांची दिशा स्पष्ट आहे: वायू जितका गरीब, तितकं मेम्ब्रेनचं काम मोलाचं.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. चांदीचं मेम्ब्रेन हायड्रोजन सल्फाइडने काळवंडतं, हायड्रोजनने क्षीण होतं आणि ॲसिटिलीन आलाच तर स्फोटक संयुगाची भीती असते. पॉलिमरचे पापुद्रे या वायूंत फुगतात आणि निवड विसरतात. स्फटिकांच्या थरात सुईच्या टोकाहून लहान भेग पडली तरी प्रोपेन तिथून घुसतो. हे सगळं खरं आहे. अशा नाजूक वस्तूवर कोट्यवधींचा कारखाना कोण सोपवेल? याचं उत्तर जोडणीतच आहे. मेम्ब्रेन शेवटी ठेवलं तर त्याची चूक थेट मालात उतरते. आधी ठेवलं तर मागे टॉवर उभा असतो. मेम्ब्रेनची निवड तीसवरून पंधरावर घसरली, तर त्या दिवशी टॉवरची वीज जास्त लागेल, माल मात्र ९९.५ टक्क्यांचाच निघेल. मेम्ब्रेनला अपयशाची मुभा असलेली जागा देणं, हा या संकरित मांडणीचा ऊर्जेइतकाच मोठा लाभ आहे. पाण्याच्या मेम्ब्रेनचंही असंच झालं. सुरुवातीचे पापुद्रे गाळाने आणि जिवाणूंनी लवकर निकामी होत. ते वापरात राहिले, म्हणून सुधारले. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जपलेलं मेम्ब्रेन कधीच कारखान्याच्या लायकीचं होणार नाही. त्याला खऱ्या वायूत, खऱ्या दाबाखाली, खऱ्या अशुद्धीत वर्षभर राहावं लागेल.

तिसरा आक्षेप खान्देशातून येईल आणि तो रोखठोक असेल: या सगळ्याने आमचा दाणा स्वस्त होणार का? फारसा नाही. दाण्याचा भाव कच्च्या तेलाशी, प्रोपेनच्या आयातीशी आणि डॉलरशी बांधलेला आहे. विलगीकरणाच्या विजेचा वाटा त्यात लहान. चटईवाल्याला थेट दिलासा देण्याचं आश्वासन या तंत्रज्ञानाच्या नावाने कुणी देऊ नये. पण दाणा वापरणाऱ्या प्रदेशाला त्यामागच्या ऊर्जेची जबाबदारी टाळता येत नाही. चटई, पोतं, ठिबकची नळी, पाइप यांवर उभ्या असलेल्या जिल्ह्यांनी दाणा कमीत कमी इंधनात बनावा असा आग्रह धरणं, हा त्यांचा हक्कही आहे. प्लास्टिक बनवणं सोपं केलं तर कचरा वाढेल, असंही कुणी म्हणेल. विलगीकरण महाग ठेवून प्लास्टिक कमी होत नाही, तेवढं इंधन मात्र जास्त जळतं. वापरावर लगाम हवाच, तो वापराच्या धोरणाने घालावा.

खान्देशाचा या विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे. जळगावच्या चटई उद्योगात रिप्रोसेस दाणाही वापरला जातो. भंगारातलं प्लास्टिक क्रशरमधून बारीक होतं, धुण्याच्या हौदात पडतं आणि तिथे पहिलं विलगीकरण आपोआप होतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी आणि पाइपचं पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९० ते ०.९१, ते तरंगतं. पण त्याच्यासोबत पॉलिइथिलीनही तरंगतं, कारण त्याची घनताही एकच्या आतच. हे दोन प्लास्टिक वितळवून एकत्र केले तरी एकजीव होत नाहीत आणि दाणा कमजोर निघतो. म्हणून हाताने निवड करावी लागते: चकाकीवरून, आवाजावरून, वाकवून, जाळून वासावरून. भिन्न वस्तू पाण्याने फुकटात वेगळ्या होतात. जुळ्या वस्तूंना माणसाचे श्रम किंवा इन्फ्रारेडची यंत्रं लागतात. वायूच्या टॉवरमधला प्रश्न आणि हौदाच्या काठावरचा प्रश्न एकाच नियमाचे आहेत. दोन वस्तू जितक्या सारख्या, तितकं त्यांना वेगळं करणं महाग. म्हणून स्वस्त साधनाने आधी जास्तीत जास्त काम उरकावं आणि महागडं साधन उरलेल्या बारीक कामासाठी राखावं. घरातच वेगळं ठेवलेलं प्लास्टिक या हिशेबात सर्वांत स्वस्त, कारण ते मिसळलंच नाही.

मेम्ब्रेनची ओळख खान्देशाला बायोगॅसच्या वाटेनेही होऊ शकते. २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना आणली, तिच्यात शेण, प्रेसमड आणि शहरी ओला कचरा यांपासून वाहनांच्या इंधनाच्या दर्जाचा वायू बनवायचा आहे. तिथे मिथेनपासून कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा असतो. दोघांच्या आकारात निम्म्या अँगस्ट्रॉमचा फरक असल्याने आजचं पॉलिमरचं मेम्ब्रेन ते काम नीट करतं. टॉवर लहान करत गेलं की परवडेनासा होतो; मेम्ब्रेनची नळकांडी मात्र एक-दोनपासून शंभरापर्यंत जोडता येतात. असे लहान प्लांट चालवणारे हात धुळ्या-जळगावात तयार झाले, तर अवघड वायूंच्या मेम्ब्रेनवर काम करणारी पिढीही इथूनच येईल. बांभोरीला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे, जवळच प्लास्टिक ओतण्या-ओढण्याचं दशकांचं कसब असलेले कारखाने आहेत. पोकळ तंतू ओढण्याची कला पाइप ओढण्याहून फार नाजूक असली, तरी वितळ, साचा, वेग आणि ताण यांची जाण असलेल्यांना ती परकी वाटणार नाही.

म्हणून आज ठोस मागणी करायची ती मेम्ब्रेनसाठी अनुदानाची नाही. दोन साध्या गोष्टी पुरेत. पहिली: प्रॉपिलीन बनवणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने विलगीकरणात टनामागे किती उष्णता आणि किती वीज लागते, ते जाहीर करावं. वाहनाचं मायलेज किंवा फ्रिजचे तारे जाहीर होतात तसा हा आकडा उघड झाला की जुने टॉवर आपोआप उजेडात येतील. दुसरी: नव्या टॉवरच्या आराखड्यात मधल्या एक-दोन उंचींवर वायू आत घेण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या जोडण्या आताच ठेवाव्यात. बांधताना त्या नाममात्र खर्चात बसतात; चालू टॉवर कापून नंतर बसवायच्या तर महिन्याचं उत्पादन जातं. टॉवर तीस-चाळीस वर्षं उभा राहतो, मेम्ब्रेन त्या काळात दहा वेळा सुधारेल. आज जोडणी ठेवली, तर प्रत्येक सुधारणेचा लाभ त्या टॉवरला मिळेल; नाही ठेवली, तर टनामागे चौदा टन किंवा त्याच्या दुप्पट वाफ उकळत राहण्याचा निर्णय पुढच्या पिढीच्या वतीने आपण आजच घेतलेला असेल.